जिन्यात ठरलेला विमा

मुंबईवर आजवर जितकी संकटं आली, त्याच्या निदान चौपट माझ्या साडूंना आधीच दिसून गेली आहेत. बाकीची आली नाहीत, यात त्यांचा काही दोष नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भावोजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. पलंगाखाली चप्पल उलटी पडलेली दिसली, तर तुम्ही-आम्ही ती सुलटी करतो. भावोजी तिच्याकडे पाहत उभे राहतात आणि पहाटे अंधारात कुणाचा तरी पाय तिच्यावर पडला, तो माणूस कपाटावर आदळला, कपाटाची काच फुटली, इथपासून ते रक्तगट जुळत नसल्याच्या बातमीपर्यंत सगळं मनात पाहून घेतात. मग ते चप्पल सुलटी करतात. मी थोडं वाढवून सांगतो, असं आमच्या घरी म्हणतात. पण या माणसाच्या बाबतीत वाढवायला जागाच उरलेली नाही, सगळी जागा त्यांनी आधीच व्यापली आहे.

त्यांची नोकरीही अशी की, ती त्यांच्यासाठी आणि ते तिच्यासाठी. साकीनाक्याला एका गाळ्यात कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनतात, तिथे ते तीस वर्षं तपासनीस आहेत. एकेक व्हॉल्व्ह उचलायचा, उजेडात धरायचा आणि हा कुणाच्या स्वयंपाकघरात दगा देईल का, याचा विचार करायचा, एवढंच काम. आठ तास वाईट चिंतण्याबद्दल ज्याला पगार मिळतो, त्याने घरी येऊन तेच काम फुकट का करावं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "अरे, कारखान्यात फक्त कुकरचं बघतात. बाकीच्या वस्तूंचं कोण बघणार?" आणि खरोखरच त्यांनी बाकीच्या वस्तूंचं आयुष्यभर पाहिलं. माझ्या लग्नात लोकांनी लेमन सेट दिले, भिंतीवरची घड्याळं दिली. भावोजींनी आग विझवायचं लाल नळकांडं दिलं, वर सोनेरी रिबन बांधून. आहेर हातात देताना कानाशी येऊन म्हणाले, "मुदत संपली की सांग, मी भरून आणतो." होमाशेजारी त्यांनी वाळूची बादली ठेवायला लावली होती. गुरुजी इतके गोंधळले की, अर्ध्या अक्षता त्यांनी त्या बादलीवर वाहिल्या. मित्राने नवी स्कूटर घेतली की सगळे पेढे मागतात, हे विचारतात, "छान आहे. ब्रेक कोणी तपासले?" त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत शिट्टी, टॉर्च, दोरी, स्क्रू-ड्रायव्हर आणि मीठ-साखरेची पुडी कायम असते. एकदा आमच्या भांडुपच्या इमारतीत लिफ्ट अडकली, तेव्हा ते आत होते. बाकीचे चौघे घाबरले. भावोजींच्या चेहऱ्यावर, बाहेर काढल्यावर, वऱ्हाड वेळेवर पोचल्यासारखं समाधान होतं.

त्यांची बायको, आमची ताई, ही या सगळ्याच्या अगदी उलट टोकाची. घाटकोपरच्या एका शाळेत बालवाडीच्या बाई. चाळीस पोरांना एका आवाजात गप्प करणारी आणि त्याच आवाजात हसवणारी. तिचा जगातल्या एकाच गोष्टीवर पक्का विश्वास: वास्तुपुरुष घरात बसून दिवसभर तथास्तु म्हणत असतो. म्हणून घरात अभद्र बोलायचं नाही. तांदूळ संपले, असंसुद्धा म्हणायचं नाही, वाढलेत म्हणायचं. आता अशा बाईची गाठ अशा माणसाशी पडावी, हा वास्तुपुरुषाच्याही परीक्षेचा भाग असावा. चोवीस वर्षं घाटकोपरच्या चाळीत दोघांनी तोडगा काढून संसार केला. भावोजी काही बोलायला तोंड उघडत, की ताई लाटण्यानेच दाराकडे बोट दाखवी, "अहो, बाहेर. जे काय कोसळायचंय ते गॅलरीत." मग ते गॅलरीत जाऊन सगळं कोसळवून आत येत आणि मुकाट्याने जेवत.

त्या चाळीतल्या ओट्यासमोर खिडकी नव्हती, भिंत होती. ताईने तिथे कॅलेंडरातलं समुद्राचं एक चित्र चिकटवलं होतं; फोडणीच्या वाफेने तो समुद्र दर वर्षी थोडा पिवळा व्हायचा. खिडकीसमोर उभं राहून पोळ्या लाटायच्या, एवढंच तिचं आयुष्यातलं मागणं. दोघंच होती, मूलबाळ नव्हतं, तेव्हा सगळा जीव त्या एका खिडकीत गोळा झालेला. भावोजींच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मुलुंड पूर्वेला एका नव्या टॉवरात दहाव्या मजल्यावर वन बीएचके घेतला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिठागरं दिसतात आणि त्यापलीकडे खाडी. पहिल्या दिवशी ताईने दूध उतू घातलं आणि मग ती खिडकीशी जी उभी राहिली, ती संध्याकाळी दिवेलागणीलाच हलली. भावोजींच्या एकट्याच्या पगारावर बँक एवढं कर्ज देईना, म्हणून कर्जात ताईचंही नाव घातलं होतं. हप्ता दोघांच्या पगारांतून, अर्धा-अर्धा. बारा वर्षं.

आणि चौथ्या की पाचव्या दिवशी बँकेतल्या एक मॅडम आल्या. पन्नाशीच्या, शांत, चष्म्याला साखळी लावलेल्या. सोफ्यावर बसून त्यांनी सांगितलं, "सर, कर्जाचा विमा घ्या. म्हणजे समजा, कर्ज फिटायच्या आत तुमचं काही बरंवाईट झालं, तर उरलेलं कर्ज विमा कंपनी भरेल. घर मॅडमना राहील." त्या क्षणाचं वर्णन माझ्याच्याने व्हायचं नाही, पण प्रयत्न करतो. तीस वर्षं एखादा माणूस एका भाषेत एकटाच बोलत असावा आणि अचानक समोरून कुणीतरी त्याच भाषेत उत्तर द्यावं, तसे भावोजी खुर्चीच्या काठावर आले. त्यांनी विचारलं, "बरंवाईट म्हणजे नक्की कोणकोणतं?" तेवढ्यात आतून ताई चहाचा ट्रे घेऊन आली आणि तिने तो ट्रे टेबलावर न ठेवता सरळ दाराबाहेर नेला. "मॅडम, राग मानू नका," ती म्हणाली. "नवी वास्तू आहे. हे जिन्यात बोला. मी खुर्च्या देते."

अशा रीतीने त्या घराच्या विम्याचा सगळा विचार घराबाहेर, नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मधल्या जिन्यात, दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर झाला. सात महिने चालला. तिसरी खुर्ची रविवारी माझ्यासाठी यायची. पॉलिसीच्या कागदांत बाकीचे लोक आधी रक्कम बघतात; भावोजींनी थेट अपवादांचं पान काढलं, म्हणजे कोणत्या कारणाने माणूस गेला तर पैसे मिळणार नाहीत, ते पान. व्हॉल्व्ह तपासायचं भिंग घेऊन ते एकेक ओळ वाचायचे आणि वाचताना त्यांचा आवाज आरतीतल्यासारखा लागायचा. "दंगल. युद्ध. गिर्यारोहण."

मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही गिर्यारोहण कधी करणार?"

"मी नाही रे करणार. पण इकडे बिबट्या डोंगरावरून खाली येतो की नाही? त्याच्यासाठी ते गिर्यारोहणच. बिबट्याबद्दल पॉलिसी गप्प आहे, हे लक्षात घे."

मॅडम पुढच्या वेळी आल्या तेव्हा भावोजींनी बिबट्याबद्दल विचारलं. त्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि हसू गिळून सांगितलं, "अपघातात धरतील, सर." भावोजींनी ते वहीत टिपून घेतलं आणि खाली त्यांची सही मागितली.

मग नवीनच प्रश्न निघाला. बँकेचा विमा कर्जाबरोबर आटत जातो. कर्ज कमी झालं की विम्याची रक्कमही कमी. बाहेरचा साधा मुदतीचा विमा आटत नाही आणि स्वस्तही पडतो, असं त्यांच्या कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं. मीही म्हटलं की, तोच घ्या. भावोजी आठवडाभर जेवले नाहीत, म्हणजे जेवले, पण चव लागली नाही. शेवटी म्हणाले, "बाहेरची कंपनी मी जायच्या आधी गेली तर?" मी म्हटलं, "मग बँकही जाईल एखाद वेळेस." ही चूक झाली. ती शक्यता त्यांच्या लक्षात आलेली नव्हती. पुढचे तीन रविवार बँक जाण्यात गेले.

जिन्यातली ही बैठक हळूहळू प्रसिद्ध झाली. आधी नवव्या मजल्यावरचे पटेल येऊन कठड्याला टेकून उभे राहू लागले, मग सातव्याचे शेट्टी. ताई घरातून चहा पाठवायची आणि दार घट्ट लावून घ्यायची. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या टॉवरातल्या निम्म्या पुरुषांचे मृत्यू त्या जिन्यात सविस्तर चर्चिले गेले आहेत, आणि प्रत्येकजण घरी जाताना हलका होऊन जायचा. तिघांनी तर विमा घेऊनही टाकला. ज्यांच्यामुळे बैठक भरत होती, ते भावोजी तेवढे अजून कलम नऊवर होते. कधी फार गलबलून आले की त्यांची मूळची मालवणी वर यायची. "माका काय झाला, तर हिचा काय, ता सांग," असं म्हणून ते माझा गुडघा धरायचे. बाकी सगळा तमाशा होता. एवढं एक वाक्य तमाशा नव्हतं. ते गेले, तर ताईच्या एकटीच्या पगारात हप्ता भागणार नव्हता, आणि खिडकी जाणार होती.

मध्ये वैद्यकीय तपासणी झाली. अर्जात 'पूर्वी झालेले आजार' असा रकाना होता, त्यात दोन ओळी पुरल्या नाहीत म्हणून भावोजींनी तीन पानं जोडली. त्यात झालेले आजार चार होते, बाकी होता होता राहिलेले. डॉक्टरांनी ती पानं वाचून माणसाला स्ट्रेचरवरून आणलं असेल, अशा समजुतीने दाराकडे पाहिलं. सगळं तपासून ते म्हणाले, "घोड्यासारखी तब्येत आहे. नव्वदपर्यंत जाल." परत येताना रिक्षात भावोजी इतके खिन्न होते की, मला वाटलं, काही निघालं की काय. घाटकोपर मागे पडल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. "नव्वद. म्हणजे कर्ज फिटल्यावर तीस वर्षं. तोवर आपली इमारत कुठे टिकतेय."

शेवटी एका रविवारी दुपारी त्यांनी ठरवलं. बँकेचाच विमा घ्यायचा. मॅडम फॉर्म घेऊन आल्या, जिन्यात खुर्च्या लागल्या. भावोजींनी आपलं नाव, जन्मतारीख, उंची, वजन सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्याखाली दुसऱ्या नावाची जागा होती.

"इथे मॅडमचं नाव येईल, सर," मॅडम म्हणाल्या. "कर्ज दोघांच्या नावावर आहे ना. दोघांचा घेतला तर दोघांपैकी कुणालाही काही झालं, मृत्यू म्हणा, मोठा आजार म्हणा, तरी तुम्हाला संरक्षण आहे. फरक फार नाही, महिन्या-दोन महिन्यांच्या किराण्याएवढा."

भावोजींचं पेन कागदावर टेकलेलं होतं. रकान्याच्या डोक्यावर 'ज्याच्या मृत्यूनंतर किंवा गंभीर आजारानंतर' अशी काहीतरी ओळ होती, मला आठवते. ते त्या ओळीकडे पाहत राहिले. मी त्यांना चपलेकडे पाहताना पाहिलंय, लिफ्टकडे, बँकेकडे, बिबट्याकडे पाहताना पाहिलंय. पण हे पाहणं तसलं नव्हतं. इथे त्यांना पुढचं काही दिसतच नव्हतं. दाराआडून ताईचं गुणगुणणं ऐकू येत होतं, बालवाडीतलंच कुठलंतरी.

"तिला काय व्हायचंय?" ते एकदम म्हणाले. आवाज जवळजवळ रागावल्यासारखा.

मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. घरातला तेवढाच शहाणा माणूस मी, अशी त्यांची समजूत दिसली. आणि मी काय म्हणालो, ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. मी म्हणालो, "अहो मॅडम, आमच्या ताईला काही होत नसतं. ती आम्हा सगळ्यांना पोचवून, आंघोळ करून, पिठलं-भात खाऊन शाळेत जाईल." पटेल हसले. मॅडमही हसल्या. भावोजींनी सुटल्यासारखा श्वास घेतला, दुसऱ्या रकान्यावर तिरपी रेघ ओढली आणि सही केली.

दीड वर्षाने, एका गुरुवारी, ताई वर्गात पोरांना मातीचे आंबे करायला शिकवत होती. तिच्या उजव्या हातातला गोळा खाली पडला. तिने डाव्या हाताने उचलला. परत उजव्यात घेतला, परत पडला. पोरांना वाटलं, बाई गंमत करतायत. पोरं टाळ्या वाजवायला लागली. ताई त्यांना काहीतरी सांगायला गेली, ते सांगणं तोंडातून बाहेर आलंच नाही. अर्धांगवायू. उजवी बाजू आणि बोलणं.

मी हॉस्पिटलात पोचलो, तेव्हा भावोजी व्हरांड्यात उभे होते, खांद्याला ती पिशवी. तिच्यात शिट्टी होती, दोरी होती, टॉर्च होता. कशाचाच उपयोग नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं, "आता काय होईल रे?"

शाळेने सहा महिने जागा राखली, मग दुसरी बाई घेतली. त्यांचंही बरोबर होतं. हप्ता मात्र पूर्वीएवढाच येत राहिला, आता एका पगारावर. दुसरा रकाना भरलेला असता, तर विमा कंपनीने उरलेलं सगळं कर्ज भरून टाकलं असतं. हे मला मॅडमनीच फोनवर सांगितलं, फार हळू आवाजात. मी ते भावोजींना सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, कलमं त्यांना पाठ होती. एकदा मीच न राहवून म्हणालो, "भावोजी, त्या दिवशी मी उगाच तोंड उघडलं." ते ताईच्या बोटांना तेल चोळत होते. मान वर न करता म्हणाले, "तू गप्प बसला असतास ना, तरी माझा हात गेला नसता तिचं नाव लिहायला." आणि थोड्या वेळाने, "तू नको मनाला लावून घेऊस."

वाईट गोष्ट पुढेच आहे. भावोजी बदलले. ते हल्ली चांगलं बोलतात. डॉक्टर म्हणतात, "सांगता येत नाही," की हे मान हलवतात, "म्हणजे होईल." ताईच्या तोंडून 'पा' एवढाच आवाज निघाला, तर दिवसभर फोन करून सगळ्यांना कळवतात, "झकास बोलली आज." परवा मी गेलो तर डोक्यावरचा पंखा कटकट करत होता. मी मुद्दाम म्हणालो, "भावोजी, पंखा बघा, पडायचा एखादे दिवशी." त्यांनी वरही पाहिलं नाही. "काय पडतोय. चांगला चाललाय." पंखा खरंच पडला असता, तर मी कमी दचकलो असतो.

मागच्या महिन्यात त्यांनी बँकेकडून मुदत वाढवून घेतली. हप्ता कमी झाला, वर्षं वाढली. आता कर्ज त्यांच्या पासष्टीपर्यंत चालेल. कारखान्याच्या मालकाने तोवर ठेवून घेतो, असा शब्द दिलाय. वाढलेल्या वर्षांसाठी विम्याचेही नवे कागद होते, म्हणून मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. त्याच मॅडम. चष्म्याची साखळी तीच, केस थोडे पिकलेले. या वेळी दुसऱ्या रकान्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. ताईला आता कुठलीही कंपनी घेत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यांनी कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "सावकाश वाचा, सर. घाई नाही. हवं तर घरी न्या." मला वाटतं, त्यांनी त्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवली होती.

भावोजींनी शेवटचं पान काढलं आणि सही केली.

"अहो सर, वाचलं नाहीत."

"चांगलंच लिहिलं असेल," भावोजी म्हणाले. मग घड्याळ बघून उठले. "पाच वाजता तिचा व्यायाम घ्यायला येतात. मी नसलो, तर ती हात उचलत नाही."

ते झपझप निघून गेले. मॅडम त्या गठ्ठ्याच्या आमच्या प्रतीवर हात ठेवून बसून राहिल्या होत्या. मी ती प्रत मागून घेतली. सोळा पानं, बारीक अक्षर. भांडुपला घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर पसरली आणि अपवादांच्या पानापासून वाचायला बसलो, एकेक ओळ, पेन्सिलीने खुणा करत. बायकोने विचारलं, "हे काय काढलंयस तू?" मी म्हटलं, कुणीतरी वाचायला हवं.